संवादातून पदाकडे : ‘संगीत सौभद्र’च्या तालमींच्या नोंदी

११ जून २०२३, रविवार

ठाण्याच्या नौपाड्यातील शाळेच्या सभागृहात आज आमच्या हौशी मंडळींची बैठक झाली आणि यंदा ‘संगीत सौभद्र’ हे संगीत नाटक उभे करायचे, असे एकमताने ठरले. गेली काही वर्षे आम्ही नाट्यपदांचे, म्हणजे नाटकांतल्या गाण्यांचे, कार्यक्रम करीत आलो आहोत. त्यांत गाणारा बैठकीवर बसून पद गातो, निवेदक दोन पदांच्या मध्ये थोडी माहिती देतो आणि श्रोते समाधानाने घरी जातात. या कार्यक्रमांमुळे पदे लोकांच्या कानांवर राहिली हे खरे. परंतु ती पदे कुणी, कुणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटलेली आहेत, याचा मात्र हळूहळू विसर पडत चालला आहे. आमच्या दिग्दर्शकांची हीच तळमळ आहे आणि ती मला पूर्णपणे पटते. पद हे संवादाचे पुढचे वाक्य आहे, ते मैफलीतून उचलून पुन्हा नाटकात ठेवायचे आहे, हा या प्रकल्पाचा हेतू त्यांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केला.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. उरलेले अंक त्यानंतर आले. अण्णासाहेब स्वतः सरकारी नोकरीत होते, ही गोष्ट आमच्यासारख्या नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांना फार जवळची वाटते.

भूमिकांची वाटणी करताना एक अडचण उभी राहिली. मंडळात गाणारे पुरुष मोजके आहेत आणि अर्जुन व नारद यांच्यासाठी ते हवेतच. त्यामुळे कृष्णाची भूमिका माझ्याकडे आली. भाऊराव कोल्हटकरांनी पुरुष असून सुभद्रा गाजवली, बालगंधर्वांनी तर स्त्रीभूमिकांचे एक युगच निर्माण केले; त्या परंपरेत एखाद्या स्त्रीने कृष्ण गाणे वावगे नाही, असे दिग्दर्शक म्हणाले. मला ही जबाबदारी मोठी वाटते आणि हवीशीही वाटते.

२ जुलै २०२३, रविवार

संहितेचे संपूर्ण वाचन झाले. पौराणिक नाटक म्हटल्यावर जड, संस्कृतप्रचुर भाषेची जी अपेक्षा असते, ती येथे पहिल्या काही पानांतच गळून पडते. बलराम हा घरातला मोठा भाऊ आहे. त्याने बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवून टाकले आहे आणि त्याच्या शब्दाबाहेर जाण्याची घरात कुणाची प्राज्ञा नाही. कृष्णाला हे स्थळ पसंत नाही, सुभद्रेचे मन अर्जुनावर जडले आहे हे त्याला ठाऊक आहे, तरीही तो दादांना तोंडावर नकार देत नाही. त्यांच्या होला हो मिळवीत सगळा डाव आतून फिरवतो. यती झालेला अर्जुन, त्याची मनोभावे सेवा करू पाहणारे बलरामदादा आणि या सगळ्याची कळ हातात ठेवून साळसूदपणे वावरणारा कृष्ण ही रचना इतकी घरगुती आहे की वाचताना सर्वांना आपापल्या घरातील लग्नाच्या बोलण्या आठवल्या. त्यामुळे कृष्ण हा देव म्हणून बोलायचा नाही, धाकटा भाऊ म्हणून बोलायचा, हे मी आजच मनाशी पक्के केले.

वाचनानंतर काटछाटीचा प्रश्न आला. पूर्वी ही नाटके रात्र रात्र चालत. आज प्रेक्षक तीन तासांच्या पुढे बसणार नाहीत आणि बसले तरी शेवटची गाडी चुकण्याची काळजी त्यांच्या मनात राहील. काय गाळायचे यावर बरीच चर्चा झाली. बहुतेकांचे म्हणणे असे पडले की साकी आणि दिंडी गाळाव्यात, कारण त्या ठरावीक चालीवरच्या छोट्या रचना असून त्यांत गायकीला वाव नसतो, आणि लोक ऐकायला येतात ती मोठी पदे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. साकी आणि दिंडी यांत पात्रे खरोखर बोलतात; गोष्ट पुढे सरकते ती त्यांच्या खांद्यावरून, आणि गद्यातून गाण्यात शिरायची सवय प्रेक्षकाच्या कानाला लागते तीही त्यांच्यामुळे. त्या काढल्या तर मोठे पद एकदम अंगावर येते. वेळ वाचवायचाच असेल तर पदांतील ताना आणि आलाप आवरावेत. दिग्दर्शकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि बऱ्याचशा साक्या ठेवल्या. दुसऱ्या अंकातील दोन मात्र गेल्या.

२२ जुलै २०२३, शनिवार

या आठवड्यात पावसाने लोकल गाड्यांचे वेळापत्रक पार कोलमडले. आमचे तबलजी डोंबिवलीहून येतात आणि मी ऐरोलीच्या कार्यालयातून ठाण्याला येते. त्यामुळे बुधवारची तालीम झाली नाही. आज ज्यांना येता आले त्यांनी पाठांतर केले. बलरामाचे पाठांतर उत्तम झाले आहे.

६ ऑगस्ट २०२३, रविवार

आज तालमीच्या जागी ऑर्गन आला. तो आमच्या ऑर्गनवादक काकांचा स्वतःचा आहे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो जुन्या वस्तूंमधून मिळवून दुरुस्त करून घेतला. सुटे भाग मिळणे अवघड असल्यामुळे टेम्पोतून नेताना त्याला धक्का लागू नये म्हणून ते स्वतः मागे त्याच्याजवळ बसतात. हाताच्या पेटीत एक हात भात्यावर अडकतो. येथे भाता पायांनी चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर अखंड लांबवता येतो. नाटकाला हा गुण फार मोलाचा आहे, कारण पात्र बोलत असताना खालून एकच सूर धरून ठेवता येतो.

पट्ट्यांचा, म्हणजे कुणी कोणत्या उंचीच्या ‘सा’वरून गायचे याचा, विचार आज पक्का झाला. सुभद्रा, रुक्मिणी आणि मी काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणार आहोत. अर्जुन आणि नारद काळी एकमध्ये. कृष्ण आणि रुक्मिणी एकाच पट्टीत आल्यामुळे त्यांच्या प्रवेशांत मोठी सोय झाली आहे. मात्र अर्जुन आणि सुभद्रा समोरासमोर येतात तेथे एकाचे पद संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत पट्टी बदलावी लागते. हे अंतर गद्य वाक्यांनीच भरून काढायचे आहे, म्हणजे मागचा षड्ज (‘सा’) प्रेक्षकाच्या कानातून पुसला जाईल आणि नवा अलगद येईल. काकांनी त्या जागा संहितेत लाल पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या.

पदाच्या आधीचे शेवटचे वाक्य हा आजच्या तालमीचा मुख्य विषय होता. सवय अशी असते की वाक्य संपते, नट थांबतो, ऑर्गनकडे पाहतो, सूर घेतो, घसा साफ करतो आणि मग गाऊ लागतो. या अवधीत पात्र नाहीसे होते आणि गायक उभा राहतो. काका मला म्हणाले, “तुझं वाक्य संपायच्या आधीच मी सूर धरीन. तू माझ्याकडे बघू नकोस, रुक्मिणीकडे बघ.” त्यानंतर आम्ही शेवटचे वाक्य थोडे थोडे वर चढवत नेले, इतके की त्यातला शेवटचा शब्द बोलता बोलताच षड्जाजवळ पोहोचावा. वाक्य अगदी षड्जावर नेऊन ठेवले की ते कृत्रिम वाटते. जवळ नेऊन सोडले की पद आपसूक उचलले जाते. हा फरक फार बारीक आहे आणि तो सापडला तेव्हा सभागृहात बसलेल्या इतरांच्या चेहऱ्यांवरही दिसला.

२७ ऑगस्ट २०२३, रविवार

आजचा पूर्ण वेळ ‘प्रिये पहा’ या एकाच पदाला दिला.

या पदात कृष्ण रुक्मिणीला रात्र सरून उषःकाल होत असल्याचे दाखवतो. दिग्दर्शकांनी आधी मला ते गद्य म्हणून बोलायला लावले. “थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत” हे शब्द कुणाला तरी खरोखर सांगायचे म्हटले की लक्षात येते की यातला प्रत्येक तुकडा ही एक वेगळी नजर आहे: आधी वारा अंगाला लागतो, मग घरातला दिवा फिका पडल्याचे दिसते आणि मग नजर बाहेर दिशांकडे जाते. सलग गाताना हे तुकडे एकमेकांत मिसळून जातात. म्हणून प्रत्येक तुकड्यापाशी नजर बदलायची, आणि नजर बदलल्याशिवाय पुढचा शब्द उच्चारायचा नाही, असा नियम आम्ही घातला. त्यानंतर तेच शब्द ठेक्यावर बोललो आणि शेवटी गायलो.

माझ्या गाण्याच्या बाई आज मुद्दाम घंटाळीहून तालमीला आल्या होत्या. हे पद देसकारात गातात आणि देसकार हा हौशी गायकासाठी निसरडा राग आहे. सा रे ग प ध हे त्याचे पाचही स्वर भूप रागाचेच आहेत. फरक आहे तो त्यांच्या मानाचा. भूप संध्याकाळचा, त्यात गांधाराला (ग) महत्त्व. देसकार सकाळचा, त्यात धैवत (ध) प्रमुख, आणि त्याचा सगळा वावर सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात. गळ्याला भूपाची सवय असल्यामुळे खाली उतरताना तो गांधारावर विसावू पाहतो. बाई म्हणाल्या, “गांधारावर बसलीस की संध्याकाळ झाली. तुला पहाट दाखवायची आहे ना? मग धैवत सोडू नकोस.” रागाच्या व्याकरणाची इतकी नेमकी आणि नाटकाला उपयोगी फोड मी यापूर्वी कधी ऐकली नव्हती. शब्द उषःकालाचे आणि स्वर सायंकाळचे झाले, तर जाणकार श्रोत्याला ते खटकेल आणि इतरांनाही कारण न कळता काहीतरी जड झाल्यासारखे वाटेल.

त्यानंतर ताना किती घ्यायच्या हे ठरले. मुखड्यावर, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या ओळीवर, परत येताना लहान जागा घ्यायच्या. पल्लेदार तान फक्त शेवटी, आणि तीही रुक्मिणीचे लक्ष आकाशाकडे वळल्यानंतर, कारण त्या क्षणी सांगण्याची गोष्ट सांगून झालेली असते आणि आनंद तेवढा उरलेला असतो. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. तान कुठे शोभेल याचे उत्तर गळ्यापेक्षा प्रसंगाकडे मागावे.

१० सप्टेंबर २०२३, रविवार

एक जण पद गात असताना समोरच्याने काय करावे, हा संगीत नाटकातला सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न आहे. बहुतेक हौशी प्रयोगांत समोरचे पात्र मान डोलावते किंवा शेल्याशी चाळा करीत उभे राहते. आमची रुक्मिणी पेशाने शिक्षिका आहे आणि तिने हा प्रश्न स्वतःहून लावून धरला. “तू मला काही सांगते आहेस, तर मी ते ऐकून बदलले पाहिजे,” असे ती म्हणाली. तिच्याच सूचनेवरून रंगमंचावर उजवीकडे एक समई ठेवली आहे. पदात दिव्याचा उल्लेख आला की रुक्मिणी समईकडे पाहते, पुढच्या ओळीला उठून तिच्याजवळ जाते आणि मुखडा पुन्हा येतो तेव्हा तिची पाठ समईकडे आणि चेहरा बाहेरच्या उजेडाकडे झालेला असतो. एवढ्या साध्या हालचालीने त्या प्रवेशाला सुरुवात, मध्य आणि शेवट मिळाला.

प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि त्याला तालाचे ज्ञान नाही. घड्याळ लावून प्रकाश बदलणे येथे शक्य नाही, कारण पद दर वेळी सारख्याच लांबीचे होत नाही. तबलजींनी त्याला शेजारी बसवून सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कशी ओळखायची ते हातावर टाळी देत शिकवले. तासाभरात त्याला मुखडा परत येत असल्याची चाहूल लागू लागली. आता दिव्याच्या ओळीनंतरच्या समेला तो आतला पिवळा प्रकाश उतरवू लागतो आणि मागच्या पडद्यावर फिकट निळा आणतो. तबलजी आणि प्रकाशयोजनाकार यांनी एकमेकांच्या नजरेत बसावे, अशी जागा प्रयोगाच्या वेळीही राखायची आहे.

१ ऑक्टोबर २०२३, रविवार

गणेशोत्सवामुळे पडलेला खंड भरून काढण्यासाठी आता आठवड्यातून तीनदा तालीम ठेवली आहे. माझ्यासाठी आजचा विषय उभे राहण्याचा होता. पुरुषी चाल आणायची म्हणून पावले आपटत चालणे दिग्दर्शकांनी पहिल्याच दिवशी बंद केले होते. कृष्णाला घाई नसते, त्याला सगळे आधीच माहीत आहे, म्हणून त्याचे वजन दोन्ही पायांवर सारखे असावे आणि हात कारणाशिवाय हलू नयेत, असे त्यांनी सुचवले. त्याने आवाजही खाली स्थिरावला.

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवार

ऐरोलीतील ज्येष्ठ नागरिकांच्या संघाने नवरात्रानिमित्त बोलावले होते. तेथे आम्ही दोन प्रवेश वेशभूषेशिवाय करून दाखवले. ‘नच सुंदरी करू कोपा’ सुरू झाले आणि रुसलेल्या रुक्मिणीची समजूत निघत असताना पहिल्या रांगेतल्या आजी माझ्याबरोबर सगळे शब्द पुटपुटत होत्या. कार्यक्रमानंतर त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि त्यांच्या लहानपणी गावच्या जत्रेत हे पद ज्या चालीने गायले जाई, ती म्हणून दाखवली. आमच्यापेक्षा ती साधी आणि किंचित जलद होती. शब्द एकही लांबवलेला नव्हता आणि म्हणूनच समजूत काढण्याचा लाडिकपणा तिच्यात अधिक होता. काकांनी ती चाल लगेच मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. परतताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत आम्ही तीच म्हणत ठाण्यापर्यंत आलो. आमच्या पदाची लय त्याप्रमाणे थोडी वाढवायचे ठरले आहे.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. तालमीच्या आधी नटराजाची पूजा करून नारळ वाढवला आणि नांदी सर्वांनी मिळून म्हटली.

त्यानंतर ‘वन्समोअर’चा विषय निघाला. संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या काळात प्रेक्षक मागतील तितक्या वेळा पद पुन्हा गायले जाई, आणि तो प्रेक्षकांचा हक्कच मानला जाई. आमच्यातील काहींना ती प्रथा जपावीशी वाटते. माझे मत असे की प्रेक्षकांनी मनापासून मागितले तर नाकारणे उद्धटपणाचे ठरेल, परंतु पुन्हा गाताना धृपदापासून सुरुवात न करता अंतऱ्यापासून करावी आणि समोरच्या पात्रालाही त्यात सामील करून घ्यावे, म्हणजे प्रसंग तुटणार नाही. हे सर्वांना मान्य झाले.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

रंगीत तालीम. कपडेपट दुपारीच आला. पितांबर आणि शेला उत्तम आहेत. प्रश्न निघाला तो मुकुटाचा. त्याच्या दोन्ही बाजूंना कानांवर येणारे नक्षीदार पत्रे आहेत आणि त्यांमुळे ऑर्गनचा सूर मला जवळजवळ ऐकू येईना. स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमू लागला. सुरांत राहण्यासाठी हे फार घातक आहे. रंगभूषाकारांनी पत्रे बाहेरच्या बाजूला वाकवून आत कापसाची घडी बसवली, त्यामुळे कान मोकळे झाले आणि मुकुटही हलायचा थांबला. सुभद्रेच्या कर्णभूषणांबाबतही तीच काळजी घेतली. शिवाय विंगेतला ध्वनिक्षेपक माझ्या बाजूला वळवून घेतला. पौराणिक वेशात गाणाऱ्या प्रत्येकाने रंगीत तालमीआधी निदान एकदा तरी मुकुट घालून रियाज करावा, अशी सूचना मंडळाच्या वहीत लिहून ठेवली आहे.

२५ नोव्हेंबर २०२३, शनिवार

डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या छोट्या सभागृहात प्रयोग झाला. तिसरी घंटा झाली, नांदीचा पहिला सूर लागला आणि पडदा वर गेला.

पहिल्या अंकात प्रेक्षक पद सुरू होताच टाळ्या देण्यासाठी सरसावून बसत होते, हे रंगमंचावरून जाणवत होते. मैफलीची सवय त्यांनाही आहे. दुसऱ्या अंकात ते बदलले. नारदाच्या आणि बलरामाच्या संवादांवर मोकळे हसू आले आणि त्यातून निघालेली साकी त्याच हसण्याच्या ओघात ऐकली गेली. ‘प्रिये पहा’च्या वेळी काकांनी ठरल्याप्रमाणे वाक्य संपण्याआधी सूर धरला. मी रुक्मिणीकडे पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर समईचा पिवळा उजेड होता आणि मुखडा दुसऱ्यांदा आला तेव्हा तो निळसर झाला. पद संपल्यावर रुक्मिणीने लगेच तिचे पुढचे वाक्य घेतले आणि प्रेक्षक टाळ्या विसरून ते ऐकू लागले. टाळ्या त्या वाक्यानंतर आल्या. दिग्दर्शक जूनपासून ज्याची वाट पाहत होते ते हेच, आणि त्यांनी मध्यंतरात आत येऊन रुक्मिणीचे प्रथम अभिनंदन केले.

‘वन्समोअर’ सुभद्रेच्या ‘वद जाऊ कुणाला शरण’ला मिळाला. तिने अंतऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि दुसऱ्या वेळी तिचा आवाज पहिल्यापेक्षा अधिक भरून आला होता.

३ डिसेंबर २०२३, रविवार

प्रयोगाचा आढावा घेतला. जमाखर्च वर्गणी आणि तिकीटविक्री यांत जेमतेम बसला. पुढचा प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात करण्याचा विचार असून तारखेसाठी अर्ज कुणी करायचा ते ठरले आहे. तेथील रंगमंच मोठा असल्यामुळे ऑर्गन आणि तबला यांची जागा बदलेल. तबलजी आणि प्रकाशयोजनाकार यांची नजरभेट कशी राखायची, हे जागा पाहून ठरवावे लागेल. ऐरोलीच्या आजींनी दिलेली चाल स्वरलिपीत उतरवून काकांनी सर्वांना दिली. अर्जुन आणि सुभद्रा यांच्या प्रवेशातली पट्टीबदलाची एक जागा अजूनही घाईची वाटते; तेथे सुभद्रेला दोन वाक्ये वाढवून देणार आहोत. दुसऱ्या अंकात गाळलेल्या दोन्ही साक्या परत घ्याव्यात, अशी मागणी या वेळी बलरामाने स्वतः केली, आणि येत्या रविवारपासून त्या तालमीत येतील.